वरच्या मजल्याची धार

पाणीपुरवठा कार्यालयात शिरलं की डाव्या हाताला तक्रारींच्या दोन खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळं शहर पुढचेबाई म्हणायचं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते कुणाला आठवत नव्हतं. समोरच्याची तक्रार लिहून झाली, शिक्का बसला, की बाई त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, ‘पुढचे!’ त्यात राग नसायचा, लोभही नसायचा. पण असा काही ठसका असायचा की आणखी दोन शब्द बोलायला तोंड उघडलेला माणूस ते मिटून बाजूला व्हायचा.

हा शब्द जिभेवर इतका बसला होता की खिडकीबाहेरही सुटायचा. नवरा सायकलीच्या दुकानातलं रडगाणं गाऊन थांबला की ‘पुढचे!’ एकदा डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या, तर ही उठता उठता म्हणाली, ‘पुढचे!’ आणि बाहेर बाकावर बसलेला म्हातारा खरोखरच आत आला. डॉक्टर बघतच राहिले. हिला मात्र आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. घरात ती थोरली सून, म्हणून आपणही तिला थोरलीच म्हणू.

कामात ती वाघीण होती, त्यात शंका नाही. शहराचं पाणी नदीतून यायचं, गाळलं जायचं, मग पंपानं टेकडीवरच्या टाकीत चढायचं आणि सकाळी एकेका भागाला पाळीपाळीनं सुटायचं. एवढ्या लांबच्या वाटेत कुठेही काहीही अडकू शकतं, आणि अडकलं की लोक थोरलीच्या खिडकीशी येऊन शंख करायचे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मोजकेच प्रश्न विचारायची. ‘कधीपासून? शेजारच्यांना येतंय का? मीटरची जाळी धुतलीत का?’ कुणालाच येत नसेल तर दोष रस्त्यावरच्या व्हॉल्व्हचा. शेजाऱ्याला येतंय आणि तुम्हाला नाही, तर दोष तुमच्या घरात, आणि बहुतेक वेळा तो त्या जाळीतच सापडायचा. मीटरच्या तोंडाशी गाळणीसारखी एक चिमुकली जाळी असते. रस्त्यातली लाइन दुरुस्त झाली की सुटलेला गाळ वाहत येऊन तिच्यात बसतो. जाळी काढून जुन्या टूथब्रशनं घासली की नळ पुन्हा वाहता. ‘आधी घरी जाऊन जाळी धुवा, मग माझ्याकडे या,’ असं सांगून तिनं अर्धी अर्धी रांग परत धाडलेली होती. ती माणसं पुन्हा यायची नाहीत, कारण घरी पाणी आलेलं असायचं. आभार मानायलाही कुणी येत नसे, हे तिला लागायचं, पण तसं ती कुणाला सांगणार होती थोडीच.

हेवा मात्र तिच्यात लहानपणापासून मुरलेला. तिचं माहेर गल्लीच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. पाणी सुटलं की आधी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरांचं भागायचं. ही नळाखाली बादली लावून उकिडवी बसायची आणि नळातून नुसती हवा फुसफुसायची. तोवर गल्लीच्या तोंडाशी राहणारी तिच्याच वर्गातली मुलगी न्हाऊन, पायरीवर बसून केस वाळवत असायची. त्या मुलीच्या ओल्या केसांचा राग थोरलीच्या मनात अजून वाळला नव्हता. पाणी खात्यात नोकरी लागली तेव्हा तिला मनापासून वाटलं की आता आपल्या आधी कुणाचा नंबर लागायचा नाही.

आणि मग धाकटी आली. धाकटी म्हणजे दिराची बायको, थोरलीची जाऊ. घर एकच, दुमजली. खाली थोरली, वर धाकटी. खात्यात दुसऱ्या खिडकीसाठी आणि तक्रारीच्या फोनसाठी माणूस हवं होतं, तेव्हा साहेबांकडे धाकटीसाठी शब्द कुणी टाकला? थोरलीनंच. पोरगी वर बसून कंटाळते, चार पैसे मिळवील, आपल्या हाताखाली राहील, असा तिचा हिशेब. हाताखाली राहील हे त्यातलं मुख्य.

ती हाताखाली राहिली नाही असं नव्हे. पहिले काही दिवस ती खुर्ची सरकवून थोरलीच्या खिडकीमागे बसायची आणि कान टवकारून ऐकायची. मग ती आपल्या खिडकीत जाऊन बसली आणि घोटाळा सुरू झाला. धाकटीचं बोलणं लोण्यासारखं. ‘बसा ना काका. उन्हातून आलात, आधी पाणी घ्या.’ तिनं खिडकीत स्वतःच्या पैशानं एक तांब्या आणि पेले आणून ठेवले. पाण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पाणी पाजायचं, हे थोरलीला कधी सुचलंच नव्हतं, आणि सुचलं नव्हतं याचाच तिला जास्त संताप आला. लोक धाकटीला नळाचं सांगता सांगता गुडघ्यांचं सांगायचे, सुनेचं सांगायचे, आणि ती अरे देवा, अरे देवा करत लिहून घ्यायची.

हळूहळू दुसऱ्या खिडकीची रांग दारापर्यंत जायला लागली. थोरलीची खिडकी रिकामी.

‘ओ, इकडे या! इकडे कुणी नाहीये!’ थोरली ओरडायची.

‘असू दे बाई,’ रांगेतली माणसं म्हणायची, ‘आम्ही थांबतो.’

त्या दिवसापासून थोरली धाकटीला अक्षरशः पाण्यात पाहायला लागली. धाकटीनं नवीन चप्पल घातली तरी हिच्या पोटात दुखायचं, जुनी घातली तरी दुखायचं. जुनी घालून साधेपणाचा आव आणते म्हणून. धाकटी डब्यातलं पुढे करायची, तर ही म्हणायची, ‘नको, मला पित्त आहे.’ पित्त होतंच, पण ते पोटातलं नव्हतं.

त्यात खुर्चीचं प्रकरण निघालं. तक्रार विभागाचे जुने प्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची काचेची केबिन रिकामी पडली. आत हातांची, चाकांची, गोल फिरणारी खुर्ची होती. साहेबांनी दोघींना बोलावून सांगितलं, ‘बाहेरून माणूस आणायचा नाही असं ठरलंय. तुमच्यापैकीच एक. महिनाअखेरीला सांगतो.’ थोरलीला वाटलं, यात ठरवायचं काय आहे? एवढी वर्षं ह्या खिडकीत घासली, ती कशासाठी? एके दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती केबिनमध्ये शिरली, खुर्चीत बसली आणि पायानं रेटा देऊन एक गिरकी घेतली. गिरकी संपली तेव्हा काचेपलीकडे धाकटी उभी होती. ती हसली. वाईट हसली असती तर परवडलं असतं. ‘छान दिसता ताई,’ ती म्हणाली, आणि ते तिच्या मनातून आलेलं दिसत होतं. थोरलीच्या अंगाचा भडका उडाला.

आणि त्याच सुमाराला खालच्या मजल्याचं पाणी आटायला लागलं.

झालं असं, की त्यांच्या रस्त्यातली लाइन फुटली होती आणि खात्याच्या माणसांनी ती खणून नीट केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी हातात पान्हा आणि एक जुना ब्रश घेऊन जिन्याखाली आली. तिथे दोन्ही मजल्यांचे मीटर शेजारी शेजारी बसवलेले होते. आपलं काय ते काम आटोपून तिनं दारातून हाक मारली.

‘ताई, तुमचंही बघू का?’

थोरली वेणी घालत होती. काय बघायचं, कशाचं, हे तिनं विचारलंच नाही. ‘आमचं आम्ही बघू,’ ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मग रोज सकाळी एक नवाच छळ सुरू झाला. खाली नळाला करंगळीएवढी धार. बादली भरेपर्यंत अंघोळीची वेळ टळून जायची. आणि त्याच वेळी डोक्यावर, छतापलीकडे, वरच्या मोरीत धबधबा चाललेला असायचा. बादली भरली. दुसरी लावली. आता पिंप. आता कपडे आपटल्याचा आवाज. थोरली खाली बसल्या बसल्या छताकडे बघत सगळं ऐकायची. पुन्हा आपण गल्लीच्या टोकाला आहोत आणि वर कुणीतरी केस धुतंय, असं तिला वाटायचं.

‘खालच्यांना आधी पाणी यायला हवं,’ ती एकदा नवऱ्याला म्हणाली. ‘वरच्यांना मागून. मग वर धो धो आणि खाली थेंब थेंब, हे कसं?’

‘वर जाऊन विचार की,’ नवरा दाढी करता करता म्हणाला.

‘मी? तिला? विचारू?’

‘मग मी विचारतो.’

‘तुम्ही गप्प बसा. मला कळलंय काय ते. मोटर लावलीये तिनं.’

नळाला चोरून मोटर लावून शेजाऱ्याच्या वाटणीचं पाणी ओढून घ्यायचं, याच्यासारखा गुन्हा पाणी खात्यात दुसरा नाही. सापडलं की मोटर जप्त, नळ बंद. आणि खात्यातल्याच माणसाच्या घरी सापडली, तर मग त्या माणसाची खुर्ची कसली आणि खिडकी कसली! थोरलीच्या मनात हा विचार आला आणि कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. नवऱ्याला दाढीला गरम पाणी हवं होतं, तेही तिनं न कुरकुरता दिलं.

वर जाऊन एकदा बघावं, मीटरपाशी वाकून पाहावं, असं तिच्या मनात आलंच नाही. लोकांना ती जे पहिल्या दमात विचारायची, ते स्वतःला विचारायचं तिला सुचलं नाही, कारण उत्तर आधीच हातात होतं आणि ते सोडवत नव्हतं. हेव्यानं माणूस आंधळा होतो असं म्हणतात ते पटत नाही. थोरलीला तर सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त ती एकाच घराकडे बघत होती.

तक्रार स्वतःच्या नावानं करणं शक्य नव्हतं. दुपारी धाकटी जेवायला बसते आणि फोन शिपाई घेतो, हे थोरलीला माहीत होतं. ती वेळ साधून ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथला फोन ओढून भिंतीकडे तोंड केलं, रिसीव्हरवर रुमाल धरला आणि आवाज जाड केला. घंटा वाजली, फोन उचलला गेला.

‘नमस्कार, पाणीपुरवठा. बोला ना, काय अडचण आहे?’

धाकटीच! ठेवून द्यावा का? पण दुकानदार बघत होता आणि आवाज जाड झालेलाच होता.

‘मोटर आहे एका ठिकाणी,’ ती म्हणाली. ‘चोरून लावलीये.’

‘कुठे, सांगता का?’

थोरलीनं सांगितलं. टाकीकडे जाणारा रस्ता, कोपऱ्यावरचा शिंपी, त्याच्या पलीकडचं दुमजली घर. एखाद्याला त्याच्याच घराचा पत्ता देऊन त्याच्याविरुद्ध तक्रार करायची वेळ आजवर कुणावर आली नसेल.

पलीकडे पेनाची खरखर थांबली.

‘वरचा मजला की खालचा?’ धाकटीनं विचारलं. आवाज तसाच, लोण्यासारखा.

‘वरचा.’

‘बरं. आणि खाली पाणी येतंय का?’

‘करंगळीएवढं! तेही दया आली तर.’

‘खालच्यांनी मीटरची जाळी धुतलीये का, काही कल्पना आहे?’

‘अहो, तक्रार मोटरची आहे!’ थोरली जाड आवाजात कडाडली. ‘जाळीचं काय घेऊन बसलात?’

‘बरोबर आहे. लिहून घेतलं मी. तुमचं नाव विचारत नाही, काळजी करू नका. आणखी काही?’

‘नाही. ठीक आहे. पुढचे!’ थोरली म्हणाली आणि फोन ठेवला.

रस्ता ओलांडताना तिनं सगळा विचार केला. धाकटी ही तक्रार गिळून टाकणार, दुसरं काय करील? गिळली की मग चार दिवसांनी पुन्हा फोन करायचा, थेट साहेबांना; आमच्या तक्रारीचं काय झालं म्हणून. मोटर सापडली तरी धाकटी गेली, तक्रार दाबलेली सापडली तरी गेली. दोन्हीकडून पक्कं. थोरलीनं त्या दुपारी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

मग ती आपल्या खिडकीतून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिली. धाकटीनं रांगेतल्या एका आजोबांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत पोचवलं. मग ती टेबलावरचा एक कागद उचलून सरळ साहेबांच्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. फक्त तांब्या रिकामा होता आणि तो भरायला ती विसरली. थोरलीला उगाचच अस्वस्थ वाटायला लागलं. हिनं काय केलं? जे करायला नको होतं ते तर केलं नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सुटायच्या वेळेला खात्याची गाडी घरासमोर उभी राहिली. त्यातून फिटरमामा उतरले, खांद्यावर पिशवी, हातात पान्हा. आणि त्यांच्यामागून साक्षात साहेब. कर्मचाऱ्याच्या घराची तपासणी म्हणून ते स्वतः आले होते. गाडी बघून शिंपी दुकान उघडं टाकून आला, पलीकडच्या दोघी बायका कठड्याशी आल्या. थोरली दारात उभी राहिली आणि चेहऱ्यावर काळजी आणायच्या खटपटीला लागली.

धाकटीनं वरचं दार सताड उघडलं. ‘या ना मामा. सगळं बघा. कपाटंसुद्धा उघडते.’

मामांनी मोरी बघितली, ओट्याखाली वाकून बघितलं, गच्चीवर चक्कर मारली. मग वाहत्या नळाच्या पाइपावर पंजा ठेवला आणि डोळे मिटले. मोटर कितीही लपवली तरी तिची थरथर पाइपात उतरते. खाली जिन्याशी थोरली कान वर लावून उभी.

‘मोटर नाही साहेब,’ मामा म्हणाले. ‘हे साधं टाकीचंच पाणी आहे.’

‘मग खाली का येत नाही? तक्रारीत तसं म्हटलंय,’ साहेब म्हणाले.

सगळे खाली उतरले. मामा जिन्याखाली बसले आणि खालच्या मजल्याच्या मीटरला पान्हा लावला. थोरलीला तेव्हा, आणि तेव्हाच, सगळं लख्ख कळलं. मामा, थांबा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण जाळी बाहेर आली होती.

ती जाळी नव्हतीच. काळ्या चिखलाचा गोळा होता.

मामांनी तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. मग थोरलीकडे वळले. ‘बाई! अहो, जाळी!’

कठड्याशी उभी असलेली एक बाई फिदीफिदी हसली. ‘मला तीनदा परत पाठवलं होतं हो यांनी, जाळी धुऊन या म्हणून!’

मामांनी जाळी धुऊन बसवली, आणि थोरलीच्या स्वयंपाकघरात उघडा राहिलेला नळ असा काही सुटला की खालची पातेली खडखडली. नवरा आत धावला. नळ बंद करून तो बाहेर आला, बायकोकडे एकदा बघितलं आणि मग बिचारा बराच वेळ छताकडे बघत उभा राहिला. साहेबांनी बुटाला लागलेला चिखल पायरीला पुसला आणि ते गाडीत जाऊन बसले.

दुपारी कार्यालयात त्यांनी थोरलीला आपल्या खोलीत बोलावलं.

‘बाई, बसा. तुम्हाला आधी सांगावं म्हणून बोलावलं. खुर्ची मी तुमच्या जाऊबाईंना देतोय.’

थोरलीनं मान हलवली.

‘खरं सांगू? तुमचंच ठरलं होतं माझ्या मनात. तुमच्याइतकं काम कुणाला येत नाही, ते जाळीचं काय, घाईत कुणाचंही होतं. पण काल त्या आल्या, स्वतःच्या घराविरुद्धची तक्रार माझ्या टेबलावर ठेवली, आणि म्हणाल्या, साहेब, उद्या तुम्ही स्वतः या. लोकांच्या तक्रारी अशा माणसाच्या हातात असाव्यात असं मला वाटलं. ज्यांनी कुणी फोन केला त्या बाईंचे आभारच मानले पाहिजेत.’

थोरली उठली. दारापर्यंत कशी गेली ते तिचं तिला कळलं नाही. खुर्ची तिची होती. काल दुपारी झेरॉक्सच्या दुकानात शिरेपर्यंत ती तिचीच होती. रुमालाआडून जाड आवाज काढून तिनं ती उचलून धाकटीच्या दारात नेऊन ठेवली होती.

संध्याकाळी घरी आल्यावर ती पान्हा घेऊन जिन्याखाली बसली. सकाळीच धुतलेली जाळी तिनं पुन्हा काढली आणि उगाचच घासायला लागली. जिन्यावर पावलं वाजली. धाकटी उतरून आली आणि शेवटच्या पायरीवर बसली.

‘ताई, मला तुम्हाला विचारल्याशिवाय खुर्ची घ्यायची नव्हती. साहेबांनी ऐकलं नाही.’

‘घे की. तुझीच आहे.’ थोरलीनं मान वर केली नाही. ‘तू तुझी जाळी तेव्हाच धुतलीस, नाही? लाइन नीट झाल्यावर. मला का सांगितलं नाहीस?’

‘बघू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही नको म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला कोण शिकवणार? लाइन दुरुस्त झाली की जाळी धुवायची, हे मी तुमच्याच खिडकीमागे बसून ऐकलंय.’

ब्रश जाळीवर फिरत राहिला. धाकटी उठायला हवी होती, पण उठत नव्हती.

‘त्या फोनवरच्या बाई,’ ती हळूच म्हणाली, ‘आवाज फार बसला होता त्यांचा. मला आधी काही कळलं नाही. पण फोन ठेवताना त्या “पुढचे” म्हणाल्या.’

थोरलीच्या हातातला ब्रश थांबला. म्हणाले मी? खरंच म्हणाले? तिला काही केल्या आठवेना. डॉक्टरांकडचा तो म्हातारा मात्र उगाचच डोळ्यांपुढे उभा राहिला.

‘साहेबांना सांगितलंस?’ तिनं विचारलं. आवाज आता खरोखरच बसला होता.

‘तक्रार करणाऱ्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना?’ धाकटीचे डोळे भरून आले होते. ‘फक्त एक सांगा ताई. तुम्हाला खरंच वाटलं, मी तुमचं पाणी ओढीन?’

थोरलीनं जाळी उजेडाकडे धरली आणि पुन्हा घासायला घेतली. धाकटीनं थोडा वेळ वाट बघितली. मग डोळे पुसून ती जिना चढून गेली. तिनं चार शिव्या घातल्या असत्या, सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलं असतं, तर थोरलीला निदान पुन्हा चिडता आलं असतं. तेवढाही आधार तिनं ठेवला नाही. आणि ऐका, माणसाचं मन कसं असतं ते: लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी होऊन तिथे बसलेली असताना थोरलीला पुन्हा हेवाच वाटला. हे गिळून गप्प बसणं आपल्याला या जन्मात जमलं नसतं. हेही हिलाच जमावं?

नव्या महिन्यात धाकटी काचेच्या केबिनमध्ये बसायला लागली. जाताना तिनं तांब्या आणि पेले पहिल्या खिडकीत आणून ठेवले. थोरलीनंही ते हलवले नाहीत. दुसऱ्या खिडकीला अजून माणूस मिळालं नव्हतं, त्यामुळे सगळी रांग आता तिच्याकडेच होती. एवढी वर्षं हवी होती तशी.

रांगेतली पहिली बाई तावातावानं आली होती. ‘शेजारणीनं मोटर लावलीये हो! नक्की लावलीये! तिच्याकडे धो धो पाणी, तिचं पिंप सांडतंय, आणि मी थेंबाथेंबासाठी बसलेय. बघवत नाही मला!’

थोरलीनं कागद ओढला. शेजारच्यांना येतंय का, हे विचारायची गरज नव्हती. जाळीचं विचारायचं होतं. त्याऐवजी तिनं पेला भरून खिडकीतून पुढे सरकवला.

‘कळतं मला,’ ती म्हणाली.

बाई पेला हातात धरून तिच्याकडे बघायला लागली. पुढचेबाईंकडून असं काही ऐकायची कुणाला सवय नव्हती. मग थोरलीनं जाळीचं विचारलं, ती कशी काढायची ते समजावलं, तक्रार लिहिली, शिक्का मारला. बाई पेला ठेवून बाजूला झाली. तिच्यामागचा माणूस हातातलं बिल सावरत उभा राहिला आणि हाक ऐकायची वाट बघू लागला. त्याच्यामागचेही वाट बघू लागले. काचेपलीकडे धाकटीनंही मान वर केली होती.

थोरलीनं तोंड उघडलं आणि मिटलं. रांग तशीच उभी होती, आणि तो एवढासा शब्द काही केल्या तिच्या तोंडातून निघत नव्हता.